टाकीपर्यंत गाडी

निवृत्त झाले तरी लोक मला सूचना देतात. मंडईत कोथिंबिरीची जुडी निवडत असले की मागून कुणीतरी म्हणतं, ती स्टेशनची गाडी जरा लवकर सोडायला सांगा की मॅडम. एका लग्नात हातात अक्षता असताना शेजारच्या गृहस्थांनी मला अख्ख्या शहराचा बसमार्ग नव्यानं आखून दाखवला. दाताच्या डॉक्टरांनी तर आधी माझ्या तोंडात यंत्र घातलं आणि मग विचारलं की थांब्यांवर सावली का नाही. आता माझ्या हातात काही नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ते समजुतीनं मान हलवतात आणि आपली सूचना पूर्ण करतात.

मी मुळात कंडक्टर. अर्धं आयुष्य उभ्यानं गेलं, मग गुडघ्यांनी राजीनामा दिला. नोकरीची काही वर्षं शिल्लक होती, म्हणून शहर बसच्या डेपोत जिन्याखाली एक टेबल टाकून मला तिथं बसवलं आणि समोर 'प्रवासी सूचना' अशी पाटी ठेवली. टेबलाचा एक पाय आखूड होता, पाटी मात्र कोरी करकरीत. जे कामाच्या उपयोगाचे राहत नाहीत त्यांना लोकांचं ऐकायला बसवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. डेपोतले लोक मला बघून हळहळले. मला मात्र बरं वाटलं होतं. वाटलं, इतकी वर्षं गाडीत ऐकलेलं आता कुठंतरी पोचवता येईल. माणूस नव्या टेबलावर बसला की पहिले काही दिवस असंच वाटतं.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. लोकांनी सांगायचं, आपण वर कळवायचं. खरी गोम अशी, की शहरात गाड्या मोजक्या आणि दिवस तेवढाच. एखादी गाडी एका कॉलनीत आत वळवली, तर पुढच्या सगळ्या थांब्यांवरची माणसं तेवढा वेळ उन्हात जास्त उभी राहतात. ज्यांच्या दारात गाडी आली ते पेढे देऊन जातात. उन्हात उभे राहिले ते कुणाला शिव्या द्याव्यात हे न कळून कंडक्टरला देतात. म्हणजे कुणाचंही भलं करायचं तर दुसऱ्या कुणाचं तरी थोडं वाईट करावं लागतं, आणि ते दुसरे लोक कधी टेबलापर्यंत येत नाहीत. मी कंडक्टर असताना ते मला रोज भेटायचे, म्हणून ते मला विसरता यायचे नाहीत.

पुंडलिकनगरच्या लोकांनी एकदा थांबा मागितला. सगळी शिकली-सवरलेली माणसं. मागणी रास्त होती, मंजूर झाली, आम्ही थांब्याचा खांब नेऊन रोवला. दुसऱ्या दिवशी बघते तर खांब एक घर पुढं सरकलेला. ज्यांच्या फाटकासमोर रोवला होता त्यांना माणसांचा गलका नको होता. मग ज्यांच्या फाटकासमोर तो गेला त्यांनाही नको झाला. असा तो खांब घराघरातून पाहुणा म्हातारा फिरवावा तसा पुढं पुढं जात राहिला आणि शेवटी एका मोकळ्या प्लॉटसमोर स्थिरावला. तिथं ना घर ना झाड. नंतर तिथलेच एक काका माझ्याकडे आले आणि थांब्यावर सावली नसल्याची तक्रार करायला लागले. मी विचारलं, मूळ जागी कडुनिंब होता की. काका म्हणाले, तो कडुनिंब आमच्या कारसाठी आहे.

खुलताबादचं उदाहरण याच्या उलट. तिथं दर्ग्याच्या रस्त्यावर फुलं विकणारे एक चाचा महिन्या-दोन महिन्यांनी शहरात माल घ्यायला यायचे, तेव्हा माझ्या टेबलावर हजेरी लावायचे. गुरुवारी खाली येणारी शेवटची गाडी जरा थांबू द्या, बाया-माणसं दुआ मागून बाहेर पडतात तोवर ती घाट उतरायला लागलेली असते, एवढंच त्यांचं म्हणणं. मी वर कळवलं. वरून काहीच आलं नाही. मग मी ड्रायव्हरच्या कानावर घातलं, आणि तो गुपचूप थांबायला लागला. ना आदेश ना सही. टेबलावर बसल्यापासून माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम असावं. पुढं गाड्यांमध्ये वेळ दाखवणारं यंत्र बसलं. यंत्राला गुरुवार कळत नाही. ड्रायव्हरला उशिराचा मेमो मिळाला आणि गाडी पुन्हा वेळेवर निघायला लागली. चाचा त्यानंतर एकदाच आले. गुलाबाच्या पाकळ्यांची पुडी टेबलावर ठेवली, म्हणाले, "हौ, मशीन का जमाना है बाजी," आणि गेले.

पण हे सगळं मी चहाच्या टपरीवर सांगते तसं सांगितलं. मला खरं सांगायचंय ते कौसाबाईंबद्दल.

एका वर्षी शहराच्या वाहतुकीसाठी नागरिकांच्या सूचना मागवायचं फारच मनावर घेतलं गेलं. सभागृह भाड्यानं घेतलं, चहा-बिस्किटं ठेवली, पडद्यावर चित्रं दाखवायची सोय केली. लोक आले. कुणी उड्डाणपूल मागितला, कुणी मेट्रो, एका गृहस्थांनी परदेशातल्या ट्रॅमची चित्रं दाखवली आणि तिथं रस्त्यावर कुणी थुंकत नाही असं सांगितलं. सभा कामाच्या दिवशी भर दुपारी होती, त्यामुळे जे खरोखर बसनं फिरतात ते सगळे आपापल्या कामावर होते. मी कोपऱ्यात बसून किती जण घरी परत जायला बसचा थांबा विचारतात ते बघत होते. एकानंही विचारला नाही.

शेवटी शेवटी मागच्या रांगेतून एक बाई उठली. नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर, पायात रबरी चप्पल. तिच्या हातात माईक दिला तर तिनं तो फुलवातीच्या तबकासारखा दोन्ही हातांनी धरला.

"आमच्या वस्तीत टाकीपर्यंत गाडी येऊ द्या," ती म्हणाली. "माझ्या मालकाला चढ चढवत नाय. लई काही मागणं नाय माझं."

आणि खाली बसली. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि आपण एकटेच आहोत हे बघून थांबवली.

सभा संपल्यावर मी तिला गाठलं. कौसाबाई आणि तिचे मालक किसनराव मूळचे देवगाव रंगारीचे. जवळ थोडकी जमीन, भावाभावांत वाटण्या झाल्यावर हे दोघं शहरात आले. किसनराव मंडप टाकायच्या धंद्यात शिरले. आधी दुसऱ्याकडे मजूर, मग स्वतःचे पाईप, स्वतःच्या कनाती, स्वतःच्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या भागातलं एकही लग्न, बारसं, कीर्तन त्यांच्या मंडपावाचून झालं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. मग किसनरावांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा सरकारी दवाखान्यात डायलिसिस, म्हणजे अंगातलं रक्त यंत्रातून काढून, धुऊन परत भरायचं. ते केल्यावर माणूस पिळून काढल्यासारखा होतो. दवाखान्यापासून मुख्य रस्त्यापर्यंत आमची गाडी होती. तिथून पाण्याच्या टाकीमागच्या त्यांच्या वस्तीपर्यंत लांबलचक चढ. शेअर रिक्षा वर जात नसत, कारण परत येताना सवारी मिळायची नाही. अख्खी रिक्षा दर वेळी करणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी जागा बघायला गेले. हे माझं काम नव्हतं, पण मला खोड आहे. मुख्य रस्त्याच्या थांब्यावर उभी होते, तेवढ्यात गाडीतून दोघं उतरली. कौसाबाईनं मालकांना हाताला धरून उतरवलं, खांबाला टेकवून उभं केलं, पानटपरीमागं गेली आणि तिथं ठेवलेली एक लाल खुर्ची उचलून आणली. खुर्ची डोक्यावर पालथी घातली आणि एका हातानं मालकांना धरून चढ चढायला लागली. थोडं अंतर गेलं की ती खुर्ची खाली ठेवायची. किसनराव बसायचे. दम खाल्ला की उठायचे, पुन्हा खुर्ची डोक्यावर. मी मागं मागं चालत होते. माझे गुडघे दुखत होते, आणि दुखतात असं म्हणायची मला लाज वाटत होती.

वर टाकीजवळ मोकळी जागा होती, चांगली ऐसपैस. किसनराव तिथं खुर्चीवर बसून मला म्हणाले, या जागेवर त्यांनी किती मंडप टाकले याची गणती नाही. आजारी माणूस, पण नजर धंद्याची. जागा नुसती बघून तिथं किती खांब लागतील ते सांगायचे. मी म्हटलं, गाडी वळेल का ते सांगा. ते हसले. "मॅडम, हत्ती वळंल इथं."

तर आता गाडी वळण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नवीन रस्त्यावर बस सुरू करायची तर आधी चाचणी होते. पूर्ण लांबीची रिकामी गाडी, आत एक ड्रायव्हर आणि एक अधिकारी, प्रवासी एकही नाही. ती प्रस्तावित रस्त्यानं शेवटपर्यंत जाते आणि तिथं एका दमात वळून परत येते. रिव्हर्स घ्यावा लागला की वळण नापास. कारण रोजच्या फेरीत प्रत्येक वेळी गर्दीत रिव्हर्स घ्यायचा म्हणजे कधीतरी चाकाखाली पोर येणार. नियम शहाणपणाचा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. चाचणी एकदाच होते. नापास झाली की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

कौसाबाईची सूचना वर न्यायला मला वर्ष लागलं असेल-नसेल. मी रोज कुणाच्या तरी टेबलासमोर उभी राहत होते. ट्रॅमवाल्यांचं काय झालं मला ठाऊक नाही, पण त्या सभेतली एकच सूचना चाचणीपर्यंत पोचली आणि ती हिची. तारीख ठरल्यावर मी किसनरावांना फोन केला. सगळ्यांना सांगते तेच त्यांनाही सांगितलं, टाकीपाशी उभ्या असलेल्या मोटरसायकली, हातगाड्या, सगळं हलवा, जागा मोकळी करून ठेवा. ते म्हणाले, तुम्ही निर्धास्त राहा. इतक्या आनंदानं म्हणाले की मला फोनमधून त्यांचा चेहरा दिसला.

चाचणीच्या गाडीवर रफिकभाई होते. आमच्या डेपोतला सगळ्यात सफाईचा हात. आमचे वाहतूक अधिकारी, त्यांना मी इथं नुसतं साहेब म्हणते, पुढच्या सीटवर. मी हट्टानं मागं चढले होते. मुख्य रस्ता सोडून गाडी चढाला लागली. रस्ता खरोखर मोकळा होता, मोटरसायकल एक नाही, हातगाडी एक नाही, शेळ्यासुद्धा बांधून ठेवलेल्या. साहेबांनी मान हलवली. मी मनातल्या मनात कौसाबाईची खुर्ची टपरीमागून कायमची उचलली.

मग हलगीचा आवाज आला.

टाकीपाशी मंडप टाकला होता. मोटरसायकली हलवून जी जागा मोकळी केली होती, अगदी त्याच जागेत. पिवळ्या-केशरी कनाती, झालर, मध्ये गालिचा, लाल खुर्च्यांच्या रांगा. अख्खी वस्ती नटून उभी होती. मध्यभागी परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत किसनराव बसले होते, शेजारच्या टेबलावर शाल, श्रीफळ आणि हार. बायका पुढं आल्या, त्यांनी गाडीच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, चाकासमोर नारळ फोडला. कुणीतरी वर चढून रफिकभाईंच्या गळ्यात हार घातला. रफिकभाई स्टिअरिंग धरून पुढं बघत होते.

"मॅडम, मोड किधर है?" ते हळूच म्हणाले.

मी धावत उतरले. किसनरावांपाशी गेले आणि म्हटलं, गाडीला वळायला जागा नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग आपल्या मंडपाकडे. आयुष्यभर नजरेनं जागा मोजणारा माणूस. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. आजारपणात माणसाचा चेहरा आधीच उतरलेला असतो, तो आणखी उतरू शकतो हे मी तेव्हा पाहिलं.

"काढतो मॅडम," ते म्हणाले. "साहेबांचा चहा होईस्तोवर काढतो." आणि स्वतः उठून एका खांबाची दोरी सोडायला लागले. त्यांच्या हाताला जिथं सुया टोचतात तिथं पट्टी होती. गाठ सुटेना. त्यांच्या हाताखाली वाढलेली माणसं धावली, पण अर्धी वस्ती त्या कनातींखाली उभी होती आणि हलगीवाल्याला काय झालंय हे कुणी सांगितलंच नव्हतं.

साहेबांनी चहा घेतला नाही. त्यांना पुढं आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. गाडी रिव्हर्समध्ये खाली निघाली. गळ्यात हार, कपाळाला कुंकू, आणि उलट्या पावली चढ उतरणारी ती गाडी. पोरांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, ती हात हलवत मागं आली. हलगी पार मुख्य रस्त्यापर्यंत ऐकू येत होती.

परतीच्या वाटेवर मी साहेबांशी भांडले. म्हटलं, मंडप काही कायमचा नाही, जागा तुम्ही बघितलीत, पुन्हा उद्या येऊ. साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, आज गाडीसाठी टाकला, उद्या कुणाच्या लग्नासाठी टाकतील, परवा गणपतीत टाकतील, मग तिथं पोचलेली गाडी काय करील? आपल्याकडे आनंद झाला की तो रस्त्यावर उभा करतात, हे मला काय माहीत नव्हतं? वळण नापास झालं. पुढच्या चाचणीसाठी पुन्हा पहिल्यापासून.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पण तोवर डेपोतल्या बऱ्याच गाड्या सुट्या भागांवाचून उभ्या राहिल्या होत्या. चालू होते तेच मार्ग तुटायला लागले, नवा कोण बघणार? पावसाळा झाल्यावर बघू म्हणाले. पावसाळा झाला. साहेबांची बदली झाली. नवीन आलेल्यांना टाकी कुठली तेही माहीत नव्हतं.

कौसाबाई अधूनमधून टेबलावर येऊन बसायची. तिनं मला कधी दोष दिला नाही, मालकांनाही दिला नाही. नुसती बसायची, पाणी प्यायची, काय झालं विचारायची. डायलिसिसची एखादी पाळी चुकायला लागली होती. चढ उतरायचीच किसनरावांना धास्ती वाटायची, कारण उतरलं की पुन्हा चढावं लागणार. मी माझ्या ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून बघितलं, तो काही आठवडे गेला, मग त्याचाही जीव त्या चढाला कंटाळला. तिनंच एकदा सांगितलं की मालकांनी धंदा सोडला, पाईप-कनाती सगळं हाताखालच्या माणसांना देऊन टाकलं. घरी येईल त्याला एकच सांगतात. मी विचारलं काय. ती खाली बघत म्हणाली, "म्हणतात, माझी गाडी मीच अडवली."

मला त्या वेळी रडू आलं. टेबलावर, सगळ्यांदेखत. कौसाबाईनंच मला पाणी दिलं.

त्याच सुमारास आमच्या एका जुन्या गाडीतली बाकडी काढून, तिला पांढरा रंग देऊन शववाहिका केली गेली. गाड्यांचं म्हातारपण असंच असतं, काही भंगारात जातात, एखादीच्या नशिबी हे येतं. रफिकभाईंचं कंत्राट संपत आलं होतं, त्यांना त्या गाडीवर टाकलं. मी विचारलं, कसं वाटतं? म्हणाले, आराम है. "इस गाडी का पॅसेंजर सूचना नै देता, मॅडम." आम्ही दोघंही हसलो. हसायला नको होतं, पण डेपोत असंच हसतात.

किसनराव गेल्याचा फोन सकाळी आला. त्या आठवड्यातल्या दोन्ही पाळ्या चुकल्या होत्या. मी बसनं मुख्य रस्त्याला उतरले आणि तो चढ चढले. टपरीमागं खुर्ची नव्हती. वर पोचले तेव्हा माणसं जमली होती. ऊन चांगलंच होतं आणि टाकीपाशी सावली नव्हती, म्हणून किसनरावांच्या हाताखालच्या माणसांनी हातगाडीवर पाईप आणि कनाती आणल्या होत्या. वस्तादाला उन्हात कसं ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. एक पाईप उभाही केला होता.

कौसाबाई घरातून बाहेर आली. रडून रडून आवाज बसला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"नका टाकू," ती म्हणाली. "गाडी यायचीय."

त्यांनी पाईप आडवा केला. हातगाडी मागं गल्लीत नेली. कुणीतरी मोटरसायकली हलवल्या. माणसं आपसूक भिंतींना टेकून उभी राहिली आणि टाकीसमोरची सगळी जागा मोकळी झाली. मला कुणीतरी लाल खुर्ची आणून दिली. पाठीवर किसनरावांच्या मंडपाचं नाव होतं. मी ती कौसाबाईकडे सरकवली, ती बसली नाही. दोघींच्या मध्ये ती खुर्ची तशीच राहिली.

गाडी चढाला लागल्याचा आवाज आला. आमच्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखीन. तीच लांबी, तेच इंजिन, वरून फक्त रंग पांढरा. रफिकभाईंनी आधी मला बघितलं, मग जागा ओळखली. माणसांमधून ते सावकाश टाकीपर्यंत आले, स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी टाकीसमोर वळसा घेऊन, कुठंही न अडखळता, उताराकडे तोंड करून उभी राहिली. दोन्ही बाजूंना जागा उरली होती. खाली उतरून ते मागचं दार उघडायला गेले, पण माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

किसनरावांना आत ठेवलं. पुरुष चढले. बायकांनी तिथंच थांबायचं असतं, म्हणून आम्ही थांबलो. गाडी चढ उतरून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत कौसाबाई बघत राहिली. ती रडत नव्हती. मग तिनं माझा हात धरला.

"एका दमात वळली, मॅडम."

मी व्हय म्हटलं.